‘खालील उतारा वाचा’ : प्रश्न काढणाऱ्या यंत्राचा पूर्वेतिहास

१/
मराठी शिकवणारा एखादा शिक्षक आज चॅटबॉटपुढे दोनशे शब्दांचा उतारा ठेवतो आणि ‘यावर दहा प्रश्न काढ’ असे सांगतो. मिनिटभरात दहा प्रश्न, चाळीस पर्याय आणि उत्तरसूची हाती येते. या सोयीचे सर्वत्र कौतुक चालू आहे. प्रस्तुत धागा त्या कौतुकाच्या विरोधात आहे. आक्षेप यंत्राच्या नवेपणावर नाही, त्याच्या जुनेपणावर आहे. #धागा

२/
दावा असा : भाषा शिकणाऱ्यांसाठी यंत्राकडून काढून घेतलेले आकलन-प्रश्न ही शंभर वर्षांपूर्वीच्या एका काटकसरीची घाऊक आवृत्ती आहे. ती काटकसर तपासणाऱ्याच्या वेळेची होती. शिकणाऱ्याच्या वाचनाशी तिचा संबंध पहिल्यापासूनच सैल होता. हे पटण्यासाठी ‘आकलनाचा प्रश्न’ या वस्तूचा इतिहास पाहावा लागतो. त्याची सुरुवात मराठीपासूनच करता येते.

३/
१८०५ साली श्रीरामपूरहून विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवल्या जात. त्यांच्यासाठी हा ग्रंथ होता. वैजनाथ पंडित हे कॅरीचे मराठीतील साहाय्यक. व्याकरणाला जोडून नित्याच्या विषयांवरील संवाद दिलेले होते. परभाषक प्रौढांसाठी मराठीचे छापील अभ्याससाहित्य तयार करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक.

४/
या अभ्यासामागे राज्य चालवण्याची गरज होती, हे विसरण्याचे कारण नाही. तरीही संवादाच्या स्वरूपात एक गोष्ट गृहीत असते. संवादात प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसते, म्हणून तो विचारतो. परीक्षेत विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असते आणि समोरच्याला ते ठाऊक आहे की नाही, एवढेच त्याला पाहायचे असते. भाषेच्या वर्गात पहिला प्रश्न मागे पडून दुसरा कसा पुढे आला, तो पुढचा इतिहास.

५/
१८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लोव याच्या पुढाकाराने ‘रिव्हाइज्ड कोड’ लागू झाला. शाळेचे अनुदान मुलांच्या हजेरीशी आणि वाचन, लेखन, गणित यांच्या तपासणीतील निकालाशी बांधले गेले. कवी मॅथ्यू आर्नल्ड हा तेव्हा शाळा-तपासनीस होता. त्याने आपल्या अहवालांत या पद्धतीवर सतत टीका केली. युक्तीने तयारी करून घेतली, तर वाचता न येणारे मूलही वाचनाच्या तपासणीत उत्तीर्ण होते, हे त्याचे निरीक्षण होते.

६/
मुंबई इलाख्यातही निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत होती. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात या पद्धतीचा मुद्दा आला आहे. गरीब आणि शिक्षणाला पारख्या राहिलेल्या समाजात शिक्षण रुजवायला ही पद्धत योग्य नाही, कारण तेथे शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

७/
आर्नल्ड आणि फुले यांच्या सामाजिक भूमिकांत मोठे अंतर आहे. तरी या एका मुद्द्यावर दोघांची साक्ष एकमेकींना पूरक आहे. तपासणीच्या प्रश्नाला पैसा जोडला की शाळा त्या प्रश्नाच्या आकाराची होते, हे आर्नल्डने पाहिले. ज्याच्या घरात पाटी नाही त्याला अशी शाळा काहीच देत नाही, हे फुल्यांनी पाहिले. तपासणी आधी आणि गोडी नंतर, हा क्रम उलटा आहे, हे १८८२ सालीच नोंदले गेले होते.

८/
आता अमेरिका. १९१४ ते १९१६ या काळात कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली याने मूकवाचनाची एक प्रमाणित चाचणी तयार केली : ‘कॅन्सस सायलेंट रीडिंग टेस्ट’. बहुपर्यायी प्रश्नाचे श्रेय साधारणपणे केलीला दिले जाते. त्याचा हेतू उघड होता. प्रत्येक शिक्षक वेगळे गुण देतो, हा घोळ संपवावा आणि तपासणीचा वेळ वाचवावा. म्हणून प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर हवे आणि ते नजर टाकताच बरोबर की चूक ते कळावे.

९/
केलीच्या चाचणीतील एक नमुना पुष्कळदा सांगितला जातो. चार प्राण्यांची नावे दिली आहेत : गाय, वाघ, उंदीर, लांडगा. शेतावर उपयोगी असलेल्या प्राण्याभोवती रेघ ओढायची. उत्तर ‘गाय’. यात वाचन किती आणि शेतावर काय असते याची आधीची माहिती किती? या पद्धतीच्या जन्मापासूनच तिच्यात एक फट होती : वाचलेल्यातून कळलेले आणि आधीपासून ठाऊक असलेले यांत तिला फरक करता येत नव्हता.

१०/
फट दिसली म्हणून पद्धत थांबली नाही. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि सुमारे १७ लाख सैनिकांची सामूहिक बुद्धिमापन चाचणी घेण्यात आली. तेथे झटपट तपासता येणारा प्रश्नच उपयोगी होता. १९३८ साली आयबीएमने पेन्सिलीच्या खुणा वाचून गुण देणारे ८०५ क्रमांकाचे यंत्र बाजारात आणले. म्हणजे उत्तर तपासणारे यंत्र आधी आले. प्रश्न काढणारे यंत्र त्याचे धाकटे भावंड आहे.

११/
त्याच १९१७ साली एडवर्ड थॉर्नडाइक याने वाचनातील चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने मुलांना छोटे परिच्छेद दिले, प्रश्न विचारले आणि चुकीची उत्तरे काळजीपूर्वक वाचली. त्याचा निष्कर्ष असा की परिच्छेद समजणे हे गणित सोडवण्यासारखे आहे. शब्दांना योग्य तेवढेच वजन द्यावे लागते, काही बाजूला सारावे लागतात, काही जोडावे लागतात. एखादा शब्द अवाजवी जोर धरतो आणि मुलाला भलतीकडे नेतो.

१२/
थॉर्नडाइक स्वतः मापनपद्धतीचा खंदा पुरस्कर्ता होता. त्याला मापनाचा शत्रू ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु त्या दशकात दोन वाटा फुटल्या, हे स्पष्ट दिसते. एका वाटेवर बरोबर उत्तरे मोजली गेली. दुसरीवर चुकीची उत्तरे वाचली गेली. पहिली वाट स्वस्त होती, म्हणून तिचा महामार्ग झाला. भाषा शिकणाऱ्याला गरज होती ती दुसरीची.

१३/
तिसरा टप्पा १९५३ चा. विल्सन टेलर याने ‘क्लोझ’ पद्धत मांडली. उताऱ्यातील ठराविक अंतरावरचे शब्द गाळायचे आणि वाचकाने ते भरायचे. मूळ उद्देश गद्य किती वाचनीय आहे हे मोजण्याचा होता; वाचकाची परीक्षा घेण्याचा नव्हता. पुढे तीच पद्धत परभाषा शिकणाऱ्यांच्या चाचण्यांत शिरली. ‘गाळलेल्या जागा भरा’ हा आपल्याकडचा जुना प्रकार तिचा सख्खा शेजारी.

१४/
आता यंत्र. १९९९ साली लिनेट हर्शमन आणि सहकाऱ्यांनी शालेय मुलांच्या आकलन-चाचण्या संगणकाला सोडवायला दिल्या. २०१६ साली स्टॅनफर्डमधून ‘स्क्वॉड’ हा संच आला : विकिपीडियाच्या ५३६ लेखांवरचे एक लाखाहून अधिक प्रश्न. इंटरनेटवरून नेमलेल्या कामगारांनी परिच्छेद वाचून ते लिहिले होते. अट एकच : उत्तर परिच्छेदातलाच सलग तुकडा असले पाहिजे. म्हणजे उत्तर उचलता आले पाहिजे.

१५/
२०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातून ‘रेस’ हा संच आला. त्यात सुमारे २८,००० उतारे आणि जवळपास एक लाख प्रश्न होते. ते आले कोठून? चीनमधील १२ ते १८ वर्षांच्या मुलांच्या इंग्रजी परीक्षांतून. इंग्रजी ही परभाषा म्हणून शिकवणाऱ्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेले हे प्रश्न. पुढे भाषा-प्रारूपे घडवताना आणि जोखताना त्यांचा वापर झाला.

१६/
२०१८ साली गूगलच्या संशोधकांनी ‘बर्ट’ हे प्रारूप मांडले. त्याला भाषा शिकवण्याची रीत अशी : मजकुरातील १५ टक्के शब्दखंड निवडून झाकायचे आणि प्रारूपाने ते ओळखायचे. हा क्लोझचाच प्रकार आहे, असे संशोधकांनी टेलरच्या १९५३ च्या लेखाचा हवाला देऊन स्वतःच नमूद केले. आजचे चॅटबॉट पुढचा शब्द ओळखण्याच्या सरावातून घडतात. तीही गाळलेली जागाच; फक्त ती नेहमी ओळीच्या शेवटी असते.

१७/
ही साखळी एकत्र पाहिली म्हणजे ‘नवे तंत्र’ या शब्दांतली हवा निघून जाते. शिक्षकांनी परीक्षेसाठी प्रश्न काढले. ते प्रश्न यंत्र घडवण्याच्या आणि जोखण्याच्या कामी आले. आता यंत्र त्याच घाटाचे प्रश्न शिक्षकांना परत देते, आणि शिक्षक ते मुलांपुढे ठेवतात. या फेऱ्यात शिकणारे मूल कोठेही काही विचारत नाही. १९१४ सालीही विचारत नव्हते.

१८/
अशा प्रश्नांनी काय मोजले जाते? एक निरर्थक वाक्य घ्या : ‘टरमुल्याने संध्याकाळी गिबडात तीन फणुळे चिरवले.’ आता प्रश्न. फणुळे कोणी चिरवले? टरमुल्याने. कोठे? गिबडात. केव्हा? संध्याकाळी. किती? तीन. चारपैकी चार गुण. कळले काहीच नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात. ‘ने’ दिसला की ‘कोणी’, ‘त’ दिसला की ‘कोठे’. हुशार मूल ही खूण आठवड्यात हेरते आणि वर्षभर वाचन टाळते.

१९/
हा केवळ तर्क नाही. १९९० साली स्टुअर्ट कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सॅट परीक्षेचे आकलन-प्रश्न विद्यार्थ्यांना उतारे न देताच सोडवायला लावले. अंदाजाने जेवढी उत्तरे बरोबर यावीत त्याहून अधिक आली. यंत्रांचीही तीच गत. २०१७ साली रॉबिन जिया आणि पर्सी लियांग यांनी स्क्वॉडच्या परिच्छेदांत दिशाभूल करणारे एकेक वाक्य घातले. १६ प्रारूपांचे सरासरी गुणांकन ७५ वरून ३६ टक्क्यांवर घसरले.

२०/
येथे न्याय्य असले पाहिजे. आजची प्रारूपे २०१७ च्या प्रारूपांहून पुष्कळ पुढे आहेत. ‘अनुमानाचे प्रश्न काढ’, ‘दोन पर्याय जवळजवळचे ठेव’ अशी सूचना दिली तर ती तसे प्रश्न काढतात, आणि त्यांतले काही चांगलेही असतात. मात्र अशी सूचना द्यायला उताऱ्यात अवघड काय आहे, हे आधी शिक्षकाला दिसावे लागते. ज्याला ते दिसले त्याचा अर्धा प्रश्न तयार असतो. ज्याला दिसले नाही तो यंत्राने दिलेले तपासणार कशाच्या बळावर?

२१/
उदाहरण पाहा. ‘काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. “बरं, येते मी,” त्या म्हणाल्या. आईने त्यांना कुंकू लावले आणि ती दारापर्यंत गेली.’ सरधोपट प्रश्न : ‘काकू काय म्हणाल्या?’ उत्तर : ‘येते मी.’ पूर्ण गुण. पण मराठी नव्याने शिकणाऱ्याची समजूत अशी की काकू येत आहेत. खरा प्रश्न वेगळा आहे : ‘काकू आता घरात आहेत का? कशावरून?’ निघताना ‘जाते’ म्हणू नये, ही रीत ठाऊक असलेल्याला हा प्रश्न सुचतो.

२२/
‘नारळ वाढवला’ म्हणजे फोडला, ‘दुकान वाढवले’ म्हणजे बंद केले. ‘आम्ही उद्या जाऊ’ यात ऐकणारा नाही, ‘आपण उद्या जाऊ’ यात तो आहे; आणि आदराने बोलताना ‘आपण’ म्हणजे समोरची एकटी व्यक्तीही असू शकते. हिंदीभाषक येथे हमखास गोंधळतो, कारण ‘हम’ दोन्हींकडे चालतो आणि ‘आपण’ त्याला ‘आप’सारखा वाटतो. मराठी शिकणाऱ्याचे आकलन अडते ते अशा जागी. तारीख, संख्या आणि गावाचे नाव यांपाशी ते क्वचित अडते.

२३/
आणखी एक गोष्ट निसटते. भाषा शिकणाऱ्यासाठी प्रश्न हादेखील मजकूर असतो. उताऱ्याहून अधिक वेळा तो प्रश्न वाचतो. तेथे त्याला असे मराठी भेटते : ‘परिच्छेदानुसार खालीलपैकी कोणते विधान लेखकाचा हेतू सर्वात योग्यरित्या दर्शवते?’ हा इंग्रजी वाक्याला नेसवलेला मराठी पोशाख आहे. ‘हे सांगून लेखकाला काय साधायचे आहे?’ असे विचारले असते तर अर्थही कळला असता आणि मराठी वाक्याची चालही कानावर पडली असती.

२४/
हे सर्व कोणासाठी महत्त्वाचे? २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. घरी दुसरी भाषा बोलणारी असंख्य मुले ती शिकत आहेत. गडचिरोलीत गोंडी-माडिया आणि नंदुरबारमध्ये भिली-पावरी बोलणाऱ्या मुलांना शाळेची मराठी ही दुसरीच भाषा असते. उत्तर अमेरिकेत मराठी शाळा भरतात त्या शनिवार-रविवारी. या सर्वांकडे श्रेणीबद्ध मराठी वाचनसाहित्य तुटपुंजे आहे. म्हणूनच यंत्राचा मोह सर्वांत जास्त येथेच होतो.

२५/
आणि किंमतही येथेच मोजावी लागते. घरी मराठी असलेल्या मुलाने प्रश्न चुकवला तर शिक्षक म्हणतो, ‘लक्ष नव्हते.’ माडिया बोलणाऱ्या मुलाने चुकवला तर म्हणतो, ‘भाषा कच्ची आहे.’ प्रश्नच दुटप्पी असेल, दोन पर्याय बरोबर असतील किंवा उत्तरसूची चुकली असेल, तर पहिले मूल हात वर करून भांडते. दुसरे गप्प राहते, कारण चूक आपलीच असणार असे त्याला आधीच शिकवले गेलेले असते. न तपासलेला प्रश्न सर्वांत दुबळ्या विद्यार्थ्यावर उलटतो.

२६/
पहिला प्रतिवाद : शिक्षकाला वेळ नाही. हे खरे आहे. अध्यापनाबाहेरच्या कामांनी तो पिचलेला आहे. पण १९१४ सालीही हेच कारण दिले गेले होते. शंभर वर्षे वेळ वाचवल्यावरही तो शिल्लक का नाही, हा प्रश्न मग विचारायला हवा. वाचलेला वेळ अधिक तपासणीत गेला, हे त्याचे उत्तर आहे. दहा प्रश्न फुकट मिळू लागले की वीस मागितले जातात. मुलाची चुकीची उत्तरे वाचायला अर्धा तास मिळत नाही तो नाहीच.

२७/
दुसरा प्रतिवाद : माणसांनीही वाईटच प्रश्न काढले; गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच कोणी लिहिले? अगदी खरे. कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ आले, तर त्याचीही छापील उत्तरे बाजारात मिळू लागली. पण हा प्रतिवाद यंत्राच्या बाजूचा नाहीच. यंत्र शिकले ते या ढिगाऱ्यावर. जुना रोग आहे म्हणून त्याची लागण दसपट वेगाने व्हावी, असे कोणी वैद्य सांगत नाही.

२८/
तिसरा प्रतिवाद : यंत्र प्रत्येकाच्या पातळीनुसार प्रश्न देते. पातळी म्हणजे काय? शब्दाची लांबी, वाक्याची लांबी, जोडाक्षरांची संख्या हे मोजता येते. ‘येते’ हा दोन अक्षरांचा, जोडाक्षर नसलेला शब्द आहे; कोणत्याही मोजपट्टीवर तो पहिलीच्या पातळीवर बसेल. काकूंच्या तोंडचा ‘येते’ मात्र मराठीत वर्षभर राहिलेल्या प्रौढालाही चकवतो. अक्षर सोपे असणे आणि अर्थ सोपा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

२९/
पर्याय आहे, आणि तोही जुनाच आहे. १९८४ साली ॲनमरी पॅलिंकसार आणि ॲन ब्राउन यांनी ‘रेसिप्रोकल टीचिंग’ या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. उतारा वाचल्यावर मुलांनी आळीपाळीने शिक्षकाची जागा घ्यायची : प्रश्न विचारायचा, सारांश सांगायचा, अडलेले उलगडायचे, पुढे काय येईल ते सांगायचे. वाचनात मागे असलेल्या सातवीच्या मुलांच्या आकलनात यातून स्पष्ट सुधारणा झाली. ज्याला प्रश्न काढता येतो त्याने उतारा वाचलेला असतो.

३०/
म्हणजे प्रश्न काढणे हाच वाचनाचा सर्वांत मौल्यवान व्यायाम आहे, आणि नेमका तोच यंत्राला देऊन टाकण्यात आला आहे. उत्तर शोधण्याचे हमालीचे काम तेवढे मुलाकडे उरले. वाटणी उलटी व्हायला हवी. प्रश्न मुलाने काढावा. उत्तर द्यायला वाटल्यास यंत्राला बसवावे, आणि ते कोठे चुकले हे मुलाने उताऱ्यावर बोट ठेवून दाखवावे. या कामी हे यंत्र खरोखर उपयोगी पडेल.

३१/
तोवर शाळांनी आणि साहित्य तयार करणाऱ्यांनी पाच नियम पाळावेत :
– उतारा झाकून सुटणारा प्रश्न रद्द.
– उताऱ्यातील नामे-क्रियापदे निरर्थक करूनही सुटणारा प्रश्न रद्द.
– यंत्र उघडण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःचे दोन प्रश्न लिहावेत.
– यंत्राचा प्रश्न मराठीत मोठ्याने वाचून अडखळला तर काढून टाकावा.
– ज्यावर मुलाची श्रेणी ठरते, त्या कागदावर यंत्राचा न तपासलेला एकही प्रश्न नसावा.

३२/
सहावी मागणी प्रकाशकांकडे आणि परीक्षा घेणाऱ्यांकडे आहे : प्रश्नसंचावर प्रश्न काढणाऱ्या माणसाचे नाव छापावे. पुस्तकावर लेखकाचे नाव असते, नकाशावर काढणाऱ्याचे असते. प्रश्नच तेवढा बेवारस का? कॅरीच्या व्याकरणामागचे वैजनाथ पंडित आज ठाऊक आहेत, कारण त्यांच्या नावाची नोंद राहिली. नाव असले की चुकीबद्दल विचारायला एक दार राहते, आणि नंदुरबारच्या मुलीला ‘हा प्रश्न चुकला आहे’ असे म्हणता येते.

३३/
यंत्राने काढलेल्या प्रश्नाला असे दार नसते. १८८२ साली फुल्यांनी आयोगापुढे ज्या गोडीची आठवण करून दिली होती, तिच्यापर्यंत दहा मिनिटांत काढलेले शंभर प्रश्न पोहोचत नाहीत. मुलाने उतारा वाचून एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नव्हते, तर त्या दिवशी वर्गात वाचन झाले असे समजावे. हा धागा ज्यांच्या हाती प्रश्नपत्रिका असते अशा शिक्षकांपर्यंत पोहोचवावा. (धागा समाप्त)